रात्री आभाळात उजेड दिसला तर

तारीख होती २ एप्रिल २०२२. वार शनिवार. त्या दिवशी गुढीपाडवा होता. सकाळी दारोदार उभारलेल्या गुढ्या संध्याकाळी उतरवून झाल्या होत्या. अमावस्या आदल्याच दिवशी संपलेली, म्हणजे चांदणे नव्हते. काळोख चांगला दाट होता. अशा वेळी, पावणेआठच्या सुमारास, विदर्भात आणि खानदेशात हजारो माणसांनी एकदम माना वर केल्या.

वायव्येकडून आगीचे लोळ येत होते. पुढे एक मोठा ठिपका, त्याच्यामागे दुसरा, तिसरा, आणि प्रत्येकाला लांब शेपटी. काही लाल, काही पिवळे, मधूनच पांढरे. सगळे एका ओळीत, एकाच चालीने, कसलीही घाई नसल्यासारखे चालले होते. वीज चमकते आणि जाते, तसे हे नव्हते. घरातल्या माणसांना हाका मारून बाहेर बोलावता आले, मोबाइल काढून चित्र घेता आले, इतका वेळ तो देखावा चालला. मग तो आग्नेयेकडे गेला आणि विझला.

जळगावच्या लोकांनी तो पाहिला. बुलढाणा, अकोला, नागपूर, चंद्रपूर इथल्या लोकांनी पाहिला. शेजारच्या मध्य प्रदेशातही पाहिला. आणि आता गंमत पाहा. जो तो म्हणे, “आमच्या अगदी डोक्यावरून गेलं,” किंवा, “आमच्या शिवाराच्या पलीकडंच पडलं.” एवढ्या लांबलांबच्या सगळ्या गावांच्या डोक्यावरून एकच वस्तू कशी जाईल? या प्रश्नाकडे आपण पुढे येऊ. आधी एका गावात काय झाले ते सांगतो.

चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुका आहे. त्या तालुक्यात लाडबोरी नावाचे गाव आहे. त्या संध्याकाळी गावात सामुदायिक जेवणाची तयारी चालली होती. एवढ्यात आभाळ लाल झाले आणि गावातल्या मोकळ्या जागेत काहीतरी धाडकन आदळले. आता स्फोट होणार, असे वाटून माणसे घरात पळाली. सुमारे अर्धा तास कोणी बाहेर आले नाही. मग धीर करून बाहेर येऊन पाहतात, तर जमिनीवर धातूचे एक भले मोठे कडे पडलेले. ते या काठापासून त्या काठापर्यंत तीन मीटर, म्हणजे बैलगाडीच्या चाकाच्या दुपटीएवढे होते. वजन चाळीस किलोच्या आसपास. हाताला ते गरम लागत होते, असे लोक सांगतात. दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यात पवनपार गावी एक पोकळ गोळाही सापडला. तो अर्धा मीटर जाडीचा, मोठ्या घागरीएवढा होता.

कोणाला इजा झाली नाही. पण विचार करा. जेवणाची तयारी चाललेली, माणसे, पोरेबाळे अंगणात, आणि आभाळातून चाळीस किलोचे धातूचे कडे खाली येते. थोडे इकडे पडले असते तर?

हे काय असावे, यावर त्या रात्री नाना तर्क निघाले. कोणी म्हणाले विमान फुटले. कोणी म्हणाले शत्रूने काही टाकले. कोणी म्हणाले वर्षाचा पहिला दिवस आणि असा अपशकुन, म्हणजे वर्ष वाईट जाणार. कोणी उल्का म्हणाले. जाणत्या माणसांतही एकमत नव्हते. त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर न्यूझीलंड देशातून ‘इलेक्ट्रॉन’ नावाचा एक अग्निबाण, म्हणजे रॉकेट, सोडला गेला होता. काहींना वाटले, त्याचाच हा भाग. पण जोनाथन मॅकडॉवेल नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ आहेत. आभाळात कोणत्या देशाने कधी काय धाडले, याची ते सावकाराच्या खतावणीसारखी नोंद ठेवतात. त्यांनी आपली नोंद पाहिली आणि सांगितले, की हा चीनच्या ‘चांग झेंग ३ बी’ या अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा. तो अग्निबाण फेब्रुवारी २०२१ मध्ये उडाला होता. त्याचा हा भाग त्याच सुमारास खाली येणार, असा हिशेब आधीच झालेला होता. आणि त्याचा जो रस्ता असायला हवा, तोच रस्ता लोकांनी मोबाइलवर टिपला होता. वेळ जुळली, दिशा जुळली. पुढे आपल्या इस्रो संस्थेचे शास्त्रज्ञही सिंदेवाहीला येऊन तुकडे पाहून गेले.

वेळ आणि दिशा. हे दोन शब्द ध्यानात ठेवा. सगळा उलगडा झाला तो या दोन गोष्टींवर.

आता तुम्ही विचाराल, टप्पा म्हणजे काय? घाट चढताना जड गाडीला जादा बैलजोडी लावत, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. चढ संपला की ती जोडी सोडून देत. अग्निबाणाचेही तसेच आहे. एक भाग आपले बळ संपेपर्यंत वर नेतो आणि गळून पडतो. मग दुसरा, मग तिसरा. पहिले टप्पे लवकर खाली पडतात. पण शेवटचा टप्पा इतका वर आणि इतक्या वेगात गेलेला असतो, की तोही पृथ्वीभोवती फिरत राहतो. हा चौदा महिने फिरत राहिला. फिरता फिरता दर फेरीला वरच्या विरळ हवेत घासून त्याचा वेग थोडा थोडा कमी झाला. अखेर तो दाट हवेत शिरला.

त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर असतो. चंद्रपूर ते नागपूर हे अंतर एसटीला तीन तासांचे. या वेगाने ते वीस सेकंदांत संपते. एवढ्या वेगाने वस्तू हवेत घुसली की पुढची हवा दाबली जाते आणि भयंकर तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते ना? तिथेही हवाच दाबली जाते. तोच प्रकार, पण हजारो पटींनी. त्या तापाने वस्तू फुटते, वितळते, जळते. प्रत्येक तुकडा वेगळा ठिपका आणि वेगळी शेपटी होऊन दिसतो. बहुतेक सगळे वरच जळून जाते. जो भाग चिवट धातूचा असतो, किंवा पोकळ गोळ्यासारखा हलका असल्याने लवकर वेग सोडतो, तो मात्र खालपर्यंत पोचतो. लाडबोरीचे कडे आणि पवनपारचा गोळा असेच पोचले.

आणि हे सगळे घडते जमिनीपासून साठ, सत्तर, ऐंशी किलोमीटर वर. देवळातला दिवा फक्त देवळात दिसतो. तोच डोंगरमाथ्यावर ठेवला तर सात गावांना दिसतो. मग ऐंशी किलोमीटर उंच पेटलेली आग किती जिल्ह्यांना दिसेल? म्हणून जळगाव आणि नागपूर दोघांनाही ती आपली वाटली. रात्री आभाळातल्या उजेडाचे अंतर आपल्या डोळ्यांना मोजताच येत नाही. मध्ये झाड नाही, खांब नाही, घर नाही. डोळा कशाशी ताडून पाहणार? तेव्हा कोणी छातीठोकपणे म्हणाला, “एक कोसावर पडलं, मी पाहिलं,” तर तो खोटे बोलतो असे समजू नका. पण त्याच्या सांगण्यावर बॅटरी घेऊन शोधायलाही निघू नका.

वस्तू खरोखरच गावात येऊन पडली तर काय करायचे, हेही इथेच सांगून टाकतो. तिला हात लावायचा नाही. अशा काही टाक्यांत विषारी इंधन शिल्लक असू शकते. ते अंगावर उडाले किंवा नुसते हुंगले गेले तरी घात होतो. पोरांना दूर ठेवा. पोलीस पाटलाला सांगा, नाहीतर ११२ या क्रमांकावर फोन करा. आणि भंगारवाल्याला विकायचा विचार मनात आणू नका. हे आम्ही मुद्दाम बोलतो, कारण चांगल्या धातूचा तुकडा फुकट पडलेला पाहून मोह कोणालाही होईल. पण ती वस्तू आपली नसते. ज्या देशाने ती वर धाडली त्याची ती असते. १९६८ साली देशादेशांत तसा करारच झाला आहे.

पण त्याबरोबर दुसराही करार आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे. तो १९७२ सालचा. आभाळातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर कोणाचे घर मोडले, गुरे मेली, माणूस जखमी झाला, तर ती वस्तू धाडणाऱ्या देशाने भरपाई द्यावी, असे त्यात आहे. चूक कोणाची, हे सिद्ध करीत बसावे लागत नाही. भारत त्या करारात आहे, चीनही आहे. भरपाई मागायची ती आपल्या सरकारने. कागदावरच राहिलेला हा करार नव्हे. १९७८ च्या जानेवारीत रशियाचा, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचा, कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात पडला. त्यात अणुभट्टी होती. किरणोत्सर्गी तुकडे बर्फावर दूरवर विखुरले. ते वेचायला कॅनडाला महिनोन्महिने लागले. पुढे १९८१ साली सोव्हिएत संघाने तीस लाख कॅनडियन डॉलर भरून दिले. भरपाई मागणाऱ्याजवळ पुरावा लागतो. वस्तू कोठे, कोणत्या वेळी पडली, कोणी पाहिली, ती हलवण्याआधी कशी पडली होती, हे लिहिलेले असले तर तोच पुरावा.

आमच्या वर्गांतल्या वडीलधाऱ्या माणसांना ‘स्कायलॅब’ हा शब्द आठवतो. ती अमेरिकेची पाऊणशे टनांची प्रयोगशाळा. १९७९ च्या जुलैमध्ये ती पडणार, पण कोठे ते कोणालाच सांगता येईना. आपल्या देशात केवढी घबराट झाली होती. पोलिसांना सज्ज राहायला सांगितले होते. ११ जुलैला ती पडली हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. तिथल्या एका गावच्या नगरपालिकेने तर अमेरिकेला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड ठोकला. थट्टेनेच, पण ठोकला.

तर मंडळी, आभाळातला उजेड पाहून भिऊन घरात बसणे जसे बरे नव्हे, तसे उगीच हसण्यावारी नेणेही बरे नव्हे. तो ओळखायला शिकले पाहिजे. ओळखायची मुख्य खूण म्हणजे त्याची चाल.

आपण ‘तारा तुटला’ म्हणतो ती उल्का. खरे तर तारा तुटत नाही. वाळूच्या कणाएवढा, फार तर हरभऱ्याएवढा खडा सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगाने हवेत घुसतो आणि जळून जातो. “तो बघ” म्हणेपर्यंत संपतो. तारा तुटला की कोणीतरी गेले, असे आपल्या आज्या म्हणत. कोणी ना कोणी रोजच जाते, आणि उल्काही रोजच पडतात. दोघांचा संबंध नाही. कधी खडा मोठा असतो. मग रात्रीचा दिवस झाल्यासारखा उजेड पडतो आणि काही मिनिटांनी गडगडाट ऐकू येतो. उशिरा का? नदीच्या पलीकडे बाई धुणे बडवते तेव्हा आधी हात खाली आलेला दिसतो, मग आवाज येतो. एक किलोमीटर यायला आवाजाला तीन सेकंद लागतात. ऐंशी किलोमीटरला चार मिनिटे. म्हणून मोठा उजेड दिसला तर लगेच आत जाऊ नका. पाच-सहा मिनिटे कान देऊन थांबा. आणि आणखी एक. खिडकीच्या काचेजवळ उभे राहू नका. मोठ्या उल्केच्या आवाजाच्या धक्क्याने काचा फुटतात. २०१३ च्या फेब्रुवारीत रशियात चेल्याबिन्स्क शहरात हजाराहून अधिक माणसे जखमी झाली. त्यांतली पुष्कळ काचांनीच झाली. उजेड पाहून ती खिडकीशी धावली होती.

विमानाचे दिवे उघडमीट करतात, ते तुम्ही ओळखता. शुक्राची चांदणीही ओळखता. तरी ती कधी कधी फसवते. बैलगाडीने किंवा मोटारीने जाताना झाडांमागून ती आपल्याबरोबर चालल्यासारखी वाटते. उभे राहिले की तीही उभी.

कृत्रिम उपग्रह मात्र नीट समजून घेतला पाहिजे. पहिला उपग्रह रशियाने १९५७ साली सोडला. तेव्हा त्याला लोक ‘कृत्रिम चंद्र’ म्हणत. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. संध्याकाळी गावात सूर्य मावळला तरी डोंगराचा माथा थोडा वेळ उन्हात असतो, तसा हा उंचावर उन्हात असतो. म्हणून काळोख पडल्यावर तास-दोन तास, आणि पहाटे उजाडण्याआधी, तो चांदणीसारखा दिसतो. शांतपणे, न लुकलुकता, दोन-चार मिनिटांत आभाळ ओलांडतो. कधी कधी अर्ध्या आभाळातच विझतो. भुताने गिळला असे वाटते. तो फक्त पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. २०१९ सालापासून एका अमेरिकन कंपनीने ‘स्टारलिंक’ नावाचे उपग्रह एकेका वेळी साठ-साठ असे सोडायला सुरुवात केली. सोडल्यावर पहिले काही दिवस ते आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक चालतात. ही माळ देशात कितीतरी गावांनी पाहिली आणि कितीतरी गावे घाबरली. तिला शेपटी नसते, ती फुटत नाही, तिच्यातून काही पडत नाही.

आमच्या एका वर्गात अशीच चर्चा निघाली होती. आदल्या संध्याकाळी गावावरून दिव्यांची रांग गेली होती. आम्ही विचारले, “किती दिवे होते?” एक म्हणाला पाच. दुसरा म्हणाला पन्नास. कोणी म्हणाले पूर्वेकडून आले, कोणी म्हणाले दक्षिणेकडून. एकाने घरघर ऐकली, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याने काहीच ऐकले नाही. रात्रभर पारावर बोलणे झाले होते. एकाचे पाहणे दुसऱ्याच्या पाहण्यात मिसळून गेले होते. यात लबाडी कोणाचीच नव्हती.

मागे एक आजी गप्प बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी नळावर होते. हंडा लावला अन् वर पाहिलं, तर चिंचेच्या शेंड्यावर पहिला दिवा. देवळाच्या कळसामागं गेले तोवर हंडा भरला. मोजले नाहीत बाई, पण मण्यांची पोत असते तसे होते. आवाज? छे! नळाचाच काय तो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही नळावर गेलो. आजींना त्यांच्या जागी उभे केले. चिंच वायव्येला होती, कळस ईशान्येला. तोच हंडा पुन्हा लावला. घड्याळ पाहिले. तीन मिनिटे आणि वर थोडे. वेळ संध्याकाळी सातची, शेपटी नाही, आवाज नाही, एका चालीने गेलेली माळ. स्टारलिंकच असावेत, असे आमचे मत झाले. पन्नास माणसांच्या बोलण्यातून जे निघाले नाही, ते एका हंड्याने काढून दिले. गावाला एवढे पटले, की त्या आठवड्यात ‘चोरांचे ड्रोन’ म्हणून उठलेली आवई तिथेच बसली. नाहीतर परगावचा एखादा फेरीवाला उगीच मार खाता. असे प्रकार घडतात, हे तुम्ही जाणता.

म्हणून आमचे सांगणे असे, की तुम्हाला आता लिहिता येते, तर त्याच रात्री, पारावर जाण्याआधी, चार ओळी लिहून ठेवा. मी कोठे उभा होतो. घड्याळात किती वाजले होते. उजेड कोणत्या झाडावरून, कोणत्या घरावरून निघाला आणि कशामागे गेला. तो किती वेळ दिसला. घड्याळ नसेल तर सावकाश एक, दोन, तीन मोजावे. रंग, शेपटी, आवाज. झाले. “विमान होते”, “उल्का होती” असे लिहू नका; जे दिसले तेवढेच लिहा. नाव मागाहून देता येते. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल, शुद्धलेखन कोणी तपासणार नाही.

शेतकऱ्याच्या अशा सांगण्याला काय किंमत, असे कोणी म्हणेल. त्याला गुजरातेतल्या धजाळा गावची हकीकत सांगा. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री, पावणेनऊच्या आत-बाहेर, सुरेंद्रनगर जिल्ह्यावर एक मोठी उल्का फुटली. दगडांचा पाऊस पडावा तसे तुकडे शेतांतून पडले. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ गावोगाव गेले. सुमारे पंचेचाळीस किलो तुकडे जमले. त्या काळी खेड्यात कोणाजवळ कॅमेरा नव्हता. मग ती आली कोठून, हे कसे कळणार? लोकांनी जे पाहिले होते, त्यावरून. निरनिराळ्या गावांच्या माणसांनी दाखवलेल्या दिशा एकत्र मांडल्या आणि त्यांवरून उल्केचा रस्ता आखला. तो रस्ता मंगळ आणि गुरू या ग्रहांच्या मधल्या पट्ट्यापर्यंत गेला. एवढ्या लांबून आलेल्या दगडाचा माग लोकांच्या डोळ्यांवरून लागला.

सगळ्याचाच उलगडा होतो असे मात्र नाही. आमच्याकडे एका शेतकऱ्याची नोंद आहे. तुम्हाला माहीतच आहे, शेताला वीज पुष्कळदा रात्रीच मिळते. हरभऱ्याला पाणी द्यायला तो गेला होता. थंडीचे दिवस, रात्रीचे दीड वाजले होते. मोटारीच्या खोपटापाशी तो उभा होता. त्याने लिहिले आहे, “आंब्याच्या वर चार बोटं एक पांढरा उजेड लागला. चांदणीपेक्षा मोठा. हलला नाही. मी नऊपर्यंत मोजलं. मग विझला. आवाज नाही. पुन्हा दिसला नाही.”

आम्ही पुष्कळ विचार केला. थेट आपल्याकडे येणारी उल्का एका जागी चमकल्यासारखी दिसते. पण ती नऊ मोजेपर्यंत टिकत नाही. उपग्रह म्हणावा, तर खालून फिरणारे उपग्रह थंडीच्या मध्यरात्री सावलीत असतात, आणि शिवाय ते चालतात. विमान एका जागी थांबत नाही. ड्रोन थांबतो, पण रानात दीड वाजता ड्रोन कोण उडवणार, आणि नऊ मोजून तो विझवणार कशाला? जाणकारांनाही दाखवली. त्यांनाही उत्तर देता आले नाही. आम्ही त्या नोंदीखाली ‘समजले नाही’ असे लिहून ठेवले आहे. त्या शेतकऱ्याला थोडे वाईट वाटले. त्याला वाटत होते, आम्ही काहीतरी मोठे नाव सांगू. पण त्याची नोंद आमच्याजवळच्या उत्तम नोंदींपैकी आहे. उद्या दुसऱ्या गावच्या कोणी त्याच रात्री, त्याच वेळी काही पाहिलेले निघाले, तर ही नोंद तिच्याशेजारी मांडता येईल.

सराव करायचा असेल तर दर वर्षी एक चांगली रात्र येते. १३ आणि १४ डिसेंबरच्या मधली. त्या रात्री मिथुन राशीच्या बाजूने उल्का येतात. चंद्र आड आला नाही, तर गावाच्या दिव्यांपासून दूर, शेतात, तासाभरात कितीतरी दिसतात. नऊ-दहापासून सुरू होतात आणि मध्यरात्रीनंतर वाढतात. दुर्बीण लागत नाही. ती नसलेलीच बरी, कारण सगळे आभाळ मोकळ्या डोळ्यांनीच पाहायचे असते. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीसेक मिनिटे द्यावी लागतात, तेवढा वेळ मोबाइल पेटवू नये. खाटेवर उताणे पडावे. दव पडते, तेव्हा घोंगडी सोबत घ्यावी. वही आणि पेन्सिल उशाशी असू द्यावी. पेन थंडीत कधी कधी उमटत नाही.